दोऱ्याची फुले आणि फावला वेळ

सत्कार म्हटला की शाल, श्रीफळ आणि पुष्पगुच्छ ही आपल्याकडील ठरलेली त्रयी. यांतील तिसऱ्या घटकाचे रूप गेल्या काही वर्षांत, विशेषतः २०२० च्या टाळेबंदीनंतर, बऱ्याच घरांतून पालटलेले दिसते. ताज्या गुलाबांऐवजी सुताचे किंवा लोकरीचे, क्रोशाने विणलेले गुलाब, सूर्यफुले आणि मोगऱ्याच्या कळ्या. देठांच्या ठिकाणी हिरव्या दोऱ्याने गुंडाळलेली तार. वर कागदाचे वेष्टन आणि फीत. नात आजीला असा गुच्छ देते, भाची आत्याच्या एकसष्टीला देते. वडीलधारी मंडळी तो हातात घेऊन कौतुकाने म्हणतात, ‘ही नवीच टूम निघाली.’

टूम नवी आहे, हे खरे. परंतु तिच्यातील सुई, टाका आणि फूल विणून भेट देण्याची रीत, यांपैकी काहीच नवे नाही. या गुच्छामागे सुमारे दोनशे वर्षांचा इतिहास उभा आहे. त्याचा एक धागा आयर्लंडमधील दुष्काळाशी, दुसरा आपल्याच गोदावरीच्या मुखाशी आणि तिसरा आपल्या घरांतील रुखवताच्या ट्रंकेशी जोडलेला आहे. हे तीनही धागे एकत्र पाहिले म्हणजे एक प्रश्न सामोरा येतो : ज्या कामाला आपण पिढ्यान्‌पिढ्या ‘फावल्या वेळचा उद्योग’ म्हणत आलो, ते काम करणाऱ्या हातांची नोंद कोणी ठेवली काय? प्रस्तुत लेखाचा विषय हाच आहे.

प्रथम शब्दाचा विचार करू. ‘क्रोशा’ हा शब्द फ्रेंच भाषेतून आला. त्याचा मूळ अर्थ लहानसा आकडा. दोन सुयांच्या विणकामात अनेक टाके एकाच वेळी सुईवर असतात. क्रोशात आकड्यावर बहुधा एकच टाका जिवंत राहतो आणि त्यातूनच पुढचा काढला जातो. ही कला फार प्राचीन असावी असा अनेकांचा समज आहे. परंतु एकोणिसाव्या शतकापूर्वीचे तिचे निःसंशय पुरावे जवळजवळ मिळत नाहीत. तिचे छापील नमुने प्रथम आढळतात ते १८२३ मध्ये, ‘पेनेलोपे’ या डच नियतकालिकात.

मग हा आकडा युरोपात आला कोठून? अभ्यासकांचे एक मत असे आहे की, ताणलेल्या कापडावर आकड्याने साखळीटाका घालण्याचे काम अठराव्या शतकात पूर्वेकडून युरोपात गेले. पुढे कोणीतरी खालचे कापडच काढून टाकले आणि साखळीला साखळी जोडून हवेतच नक्षी उभी केली, तोच क्रोशा. हे मत ग्राह्य धरले, तर हैदराबादच्या रहिवाशाला त्यात विशेष गंमत वाटावी. कारण कापडावर आकड्याने साखळी घालणारी ती ‘आरी’ आपल्या जुन्या शहरात आजही चालते. कारचोबावर ओढणी ताणून आरीने झरझर वेलबुट्टी काढणारे कारागीर आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिले आहेत. म्हणजे पूर्वेचा आकडा पश्चिमेस गेला आणि नवे नाव घेऊन मिशनरी बायकांच्या पेटीतून परत आला, असे म्हणावयास हरकत नाही.

क्रोशाला खरे महत्त्व आले ते आयर्लंडमध्ये. १८४५ मध्ये तेथे बटाट्याच्या पिकावर रोग पडला आणि पुढील काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसे भुकेने व साथींनी मेली. त्याहून अधिक देशोधडीला लागली. शेत गेले, पुरुषांचा रोजगार गेला. अशा वेळी कॉर्कजवळच्या ब्लॅकरॉक येथील अर्सुलाइन जोगिणींनी मुलींना क्रोशा शिकविला. मॉनाहन परगण्यातील क्लोन्स या गावी तेथील धर्मोपदेशकाची पत्नी कॅसांड्रा हँड हिने १८४७ मध्ये हेच काम सुरू केले. या कामास लागे ते काय? बारीक सूत आणि एक आकडा. उशीवर शेकडो टाचण्या रोवून करावयाच्या लेसपेक्षा क्रोशाची लेस कितीतरी लवकर होई आणि लंडन-पॅरिसच्या बाजारात तिला मागणी होती. अनेक कुटुंबे त्या मिळकतीवर तगली.

आपल्या विषयाच्या दृष्टीने या आयरिश कामाची एक खूण ध्यानात घेण्याजोगी आहे. त्यात फुले आणि पाने प्रथम सुटी विणली जात. पाकळीला उठाव यावा म्हणून जाड दोरा पोटात घेऊन त्यावर टाके घालीत. गुलाबाच्या पाकळ्यांचे थर एकावर एक चढवीत, आणि मग ती सारी फुले कागदी आराखड्यावर मांडून मधली जाळी विणून जोडीत. पुष्कळदा एक बाई केवळ गुलाबच विणी, दुसरी पाने, तिसरी जोडणी करी. आजच्या गुच्छातील गुलाब वळवून पाहिला, तर त्याच्या पाकळ्यांचे थर पुष्कळ अंशी याच रीतीने चढविलेले आढळतात. तेव्हा दोऱ्याचे फूल प्रथम मोठ्या प्रमाणावर विणले गेले ते पोटासाठी.

आता आपण आपल्या प्रदेशाकडे वळू. नाशिकजवळ त्र्यंबकेश्वरी उगम पावून पैठण, नांदेडवरून वाहत जाणारी गोदावरी धवळेश्वरमच्या खाली अनेक मुखांनी समुद्राला मिळते. त्यांपैकी वसिष्ठा या शाखेच्या काठी नरसापूर हे गाव आहे. समोरच्या तीरावर, सागरसंगमाजवळ, अंतर्वेदीचे प्रसिद्ध नरसिंहक्षेत्र. नरसापूरचा परिसर कापडासाठी सतराव्या शतकापासून विख्यात होता. जवळच्या माधवपालेम येथील वखारीवरून एका सुती कापडाला ‘मादापोलम’ असे नाव युरोपभर पडले. याच भागात एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास ख्रिस्ती मिशनरी स्त्रियांनी गरीब बायकांना क्रोशाची लेस शिकविली. या प्रारंभाचे श्रेय मॅक्रे नावाच्या स्कॉटिश मिशनरी दांपत्याला देण्याची परंपरा आहे. तेलुगू घरांत हे काम ‘लेसु अल्लिकलु’ या नावाने रुळले आणि विसाव्या शतकाच्या आरंभापासून त्याची परदेशी निर्यात होऊ लागली.

येथेही कामाची वाटणी आयर्लंडसारखीच झाली. काही बायका केवळ फुले विणीत, दुसऱ्या ती जोडीत. या जोडणीला तेथे ‘अतुकुपनी’ म्हणतात. व्यापाऱ्याचा दलाल घरोघर सूत देऊन जाई, तयार माल उचली आणि नगावर पैसे देई. फुले विणणारीला पुरा रुमाल कसा दिसतो हे पुष्कळदा ठाऊक नसे. तो कोणत्या देशात, कोणाच्या मेजावर जातो, हे तर नसेच.

या साऱ्याचा सविस्तर अभ्यास केला तो मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंनी. १९७८-७९ च्या सुमारास त्या नरसापूर परिसरात राहिल्या, घरोघर हिंडल्या आणि १९८२ मध्ये ‘द लेस मेकर्स ऑफ नरसापूर’ हा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यांचे मुख्य निरीक्षण असे की, दिवसाचे सहा-आठ तास विणणाऱ्या या स्त्रियांना कोणी कामगार मानीत नसे. त्या स्वतःही मानीत नसत. घराबाहेर न पडणाऱ्या प्रतिष्ठित कुटुंबातील बायका आपला ‘रिकामा वेळ’ कारणी लावतात, अशीच सर्वांची समजूत. याच समजुतीच्या आधारावर त्यांना शेतमजूर बाईपेक्षाही कमी मोबदला देता येई. शेतावर जाणारी अधिक कमावी, पण घरात बसून विणणारी स्वतःला अधिक मानाची समजे. व्यापारी, दलाल आणि निर्यातदार बहुतांशी पुरुष होते आणि त्यांचा व्यवसाय हिशेबाच्या वह्यांत रीतसर नोंदला जात होता. बाईचे श्रम मात्र ‘गृहिणी’ या एका शब्दाखाली झाकले जात. सरकारी तक्ते भरण्यात ज्यांचे आयुष्य गेले अशा माझ्यासारख्याला हे वाचताना थांबावेच लागते. कारण तक्त्यात ज्याला रकाना नाही, ते योजनेतही येत नाही, हा आमचा नित्याचा अनुभव. मीस बाई २०२३ मध्ये निवर्तल्या. त्यांचा तो ग्रंथ स्त्रियांच्या श्रमाविषयीच्या अभ्यासात आजही आधारभूत मानला जातो.

गोदेच्या मुखाशी हे चालले असता तिच्या वरच्या अंगाला, आपल्या मराठी घरांत, क्रोशा दुसऱ्याच वाटेने आला. पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्तिसदनात निराधार स्त्रियांना जे उद्योग शिकविले जात, त्यांत लेस आणि भरतकामही होते. १९०९ मध्ये रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या पुण्याच्या सेवासदनातही शिवणकाम-विणकामाला स्थान होते. हैदराबाद संस्थानात १९०७ हे वर्ष या दृष्टीने लक्षणीय आहे. याच वर्षी केशवराव कोरटकर आदी मंडळींच्या प्रयत्नांतून विवेकवर्धिनी सुरू झाली आणि याच वर्षी मुलींसाठी मेहबूबिया शाळा निघाली. त्या काळी मुलींच्या शिक्षणात शिवण-विणकाम हा विषय गृहीतच असे. मुलीने शाळेत जाऊन काय मिळविले, हे शंका घेणाऱ्या आजेसासूला दाखविण्याचे ते एक प्रत्यक्ष प्रमाणही होते.

शाळेत शिकलेले टाके मग घराघरांतून पसरले. साखळी, मुका खांब, अर्धा खांब, खांब ही परिभाषा पूर्णपणे मराठी झाली. परक्या आकड्याला आपल्या बायकांनी आपली भाषा दिली. सुलतान बाजार, गौळीगुडा, काचीगुडा, इसामिया बाजार, शालीबंडा या भागांतील जुन्या घरांत दुपारची जेवणे उरकली, की ओसरीवर सुताचे गुंडे निघत. पुण्यात ज्याला रुमाल म्हणतात त्याला आपल्या हैदराबादी मराठीत ‘दस्ती’ म्हणण्याची सवय. त्या दस्तीला क्रोशाची किनार, दुधाच्या भांड्यावर मणी लावलेली जाळी, देव्हाऱ्याला तोरण, मेजावर गोल रुमाल, बाळाला टोपडे. नमुने तोंडी चालत, किंवा विणलेला तुकडाच एका घरातून दुसऱ्या घरात जाई. विसाव्या शतकाच्या आरंभी काचीगुड्यावरून मनमाडकडे जाणारी मीटरगेज गाडी सुरू झाल्यावर नांदेड, परभणी, औरंगाबादच्या माहेरांहून हे नमुने ट्रंकांतून येऊ-जाऊ लागले. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात गेला, सासर-माहेर दोन राज्यांत विभागले, पण ट्रंकांतील ही देवघेव थांबली नाही.

या साऱ्या कामाचे दोन मोठे मुहूर्त असत : रुखवत आणि बाळंतविडा. मराठी लग्नात वधूच्या घरचे हातकाम मांडून दाखविण्याची जी रीत आहे, तीत फुलांना मानाचे स्थान असे. फुलदाणीत क्रोशाचे गुलाब, परडीत सुताची जाई-जुई, तबकावर विणलेले कमळ. आजचा विणलेला पुष्पगुच्छ पाहिला की या रुखवतातील फुलदाणीचीच आठवण होते. फरक इतकाच की, तेव्हा फुले पांढऱ्या सुताची आणि मोजक्या रंगांची असत, आज दुकानात शेकडो छटांची लोकर मिळते. हैदराबादला ताज्या फुलांची वाण कधीच नव्हती. विवेकवर्धिनीपासून हाकेच्या अंतरावर जांबागचा फूलबाजार अनेक वर्षे भरत असे. तो पुढे गुडीमल्कापूरला हलला. तरीही बायका फुले विणीत, कारण बाजारातील फूल सकाळी आणून संध्याकाळी निर्माल्यात जाते. विणलेल्या फुलात विणणारीचे दिवस साठलेले असतात आणि ते सासरी मुलीबरोबर जाते.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे मांडली पाहिजे. रुखवतातील फुले आणि नरसापूरची फुले, दोन्ही एकाच आकड्याने, त्याच टाक्यांनी विणली गेली. एकीकडे ती माया म्हणून दिली गेली, दुसरीकडे नगावर विकली गेली. परंतु दोन्हीकडे बोलण्यात एकच वाक्य होते : ‘बायका रिकाम्या वेळी करतात.’ नरसापूरला या वाक्याने मजुरी खाली ठेवली. आपल्याकडे मजुरीचा प्रश्नच नव्हता. पण या वाक्याने नाव पुसले. आपल्या घराण्यांच्या वंशावळी आहेत, इनामांच्या सनदा आहेत, कोणत्या आजोबांनी कोणत्या साली कोणत्या दफ्तरात नोकरी धरली याच्या नोंदी आहेत. त्याच घरातील ट्रंकेत असलेला, शंभर फुले जोडून केलेला पलंगपोस कोणी विणला, असे विचारले तर उत्तर येते, ‘कोणीतरी आत्या असेल.’

‘रिकामा वेळ’ हा शब्दही तपासून पाहण्यासारखा आहे. एकत्र कुटुंबात, पंधरा-वीस पाने उठणाऱ्या घरात, सोवळे-ओवळे सांभाळून, पाणी भरून, मुलांचे पाहून उरलेला तासाभराचा वेळ विश्रांतीचा होता. त्या विश्रांतीतही रिकाम्या हाताने बसणे बाईला शोभत नसे; विणकाम हाती असले की बसण्याला निमित्त मिळे. बाल्यात वैधव्य आलेल्या स्त्रियांच्या वाट्याला तर हेच एक रंगीत काम असे. स्वतः फूल माळण्याची ज्यांना मुभा नव्हती, त्यांनी घरातील मुलींच्या रुखवतासाठी फुले विणली. हे चित्र अनेक घरांतील जुन्या माणसांच्या बोलण्यात अजून सापडते. अशा फुलांना केवळ ‘हौस’ म्हणणे अपुरे आहे.

आता आजच्या गुच्छाकडे पाहू. यंत्राने स्वेटर विणला जातो, लेसही निघते. परंतु सुईच्या आकड्याने होणारे खरे क्रोशाकाम बाजारपेठेच्या प्रमाणावर यंत्राला अद्याप साधलेले नाही. बाजारात क्रोशासारखे दिसणारे यंत्राचे कापड मिळते, तेवढेच. म्हणून क्रोशाचे फूल घरी विणलेले असो वा दुकानातून आणलेले, ते कोणाच्या तरी हाताने विणलेले असते. सराव असलेल्या हातालाही पाकळ्यांचा एक गुलाब विणून, गुंडाळून, शिवून उभा करण्यास पाऊण ते एक तास लागतो. बारा गुलाब, त्यांची पाने, तारेवर गुंडाळलेले देठ आणि शेवटची बांधणी, असा हिशेब केला तर एका गुच्छात बारा ते पंधरा तास सहज जातात. लोकर-तारेचा खर्च त्या मानाने थोडा. असा गुच्छ करून विकणाऱ्या एखाद्या मुलीला ‘नुसत्या लोकरीचे एवढे पैसे?’ असे आपण विचारतो, तेव्हा नकळत नरसापूरच्या दलालाचेच वाक्य आपल्या तोंडून निघत असते.

नरसापूरच्या बाबतीत अलीकडे एक चांगली घटना घडली. २०२४ मध्ये तेथील क्रोशा लेसला भौगोलिक निर्देशांक मिळाला. ‘नरसापूरची लेस’ या नावाला कायद्याचे संरक्षण आले. यंत्राच्या नकलांशी आणि स्वस्त परदेशी मालाशी झगडणाऱ्या कारागीर स्त्रियांना याचा किती लाभ होतो, हे मजुरीच्या आकड्यांवरूनच ठरेल. परंतु गावाचे नाव तरी मालावर आले. २०१४ नंतर नरसापूर आणि हैदराबाद वेगवेगळ्या राज्यांत गेली असली, तरी नरसापूरहून सिकंदराबाद, नांदेड, औरंगाबादमार्गे नगरसोलपर्यंत एक गाडी धावते. गोदेच्या मुखाकडून तिच्या उगमाच्या जिल्ह्याकडे जाणारी ही गाडी आपल्या दारावरून जाते. क्रोशाचे दोन्ही प्रवाह, मजुरीचा आणि मायेचा, आपल्या शहरात जवळ येतात, ते असे.

गावाला नाव मिळाले. आपल्या घरांतील कामाला नाव देणे आपल्याच हाती आहे, आणि त्यासाठी कोणत्याही कार्यालयात अर्ज करावा लागत नाही. जुनी घरे पाडून तेथे सदनिका उभ्या राहत आहेत. मुले पुण्याला, बंगळूरला, अमेरिकेला आहेत. ट्रंका उघडून सामान वाटण्याची वेळ अनेक घरांत आलेली आहे. अशा वेळी पितळी भांडी मोजून वाटली जातात आणि विणलेले रुमाल जुन्या कपड्यांच्या गाठोड्यात जातात. ते जाण्यापूर्वी घरातील सर्वांत वृद्ध स्त्रीला जवळ बसवून एवढेच विचारावे : हे कोणी विणले, कोणाच्या लग्नासाठी, कोणत्या घरात बसून? उत्तर मिळेल ते कापडाच्या पट्टीवर लिहून, पट्टी त्या तुकड्याच्या मागे दोन टाके घालून लावावी. सुती काम असेल तर साध्या साबणाने हलक्या हाताने धुऊन, सावलीत आडवे पसरून वाळवावे आणि धुवट मलमलीत गुंडाळून ठेवावे. घडीची रेघ एकाच जागी पडून सूत तुटू नये म्हणून वर्षातून एकदा घडी बदलावी. आपल्या मंडळाने मनात आणले तर अशा नोंदी केलेल्या कामाचे एक छोटेसे प्रदर्शनही मांडता येईल. साहित्याच्या इतिहासात ओव्या रचणाऱ्या अनाम स्त्रियांना आपण उशिरा का होईना जागा दिली. सुताच्या कामालाही ती मिळावी, ही अपेक्षा गैर नाही.

आणि नव्या गुच्छाचे काय? नातीने दिलेला क्रोशाचा गुच्छ काचेच्या कपाटात ठेवताना तिच्याकडून एक लहानशी चिठ्ठी लिहून घ्यावी. तिचे नाव, तारीख, प्रसंग आणि किती तास लागले तो आकडा. तिच्या पणजीने विणलेल्या फुलांच्या बाबतीत हे चार शब्द लिहून ठेवण्याचे कोणालाही सुचले नाही. तिच्या बाबतीत सुचण्यास अजून वेळ गेलेली नाही.